गल्ल्यात नसलेले आकडे

एका मालकाची गोव्यात काजूगराची दोन दुकानं आहेत असं धरू. एक पेडण्यात, मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला. दुसरं डिचोलीच्या बाजारात. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानांची ये-जा सुरू झाली. त्या रस्त्यावरच्या दुकानाचं गिऱ्हाईक म्हणजे परतीची बॅग भरणारा पाहुणा. त्याला मोठा, अख्खा, पांढराशुभ्र गर हवा असतो, कारण घरी गेल्यावर तो चार जणांसमोर ठेवायचा असतो. डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला येणारं माणूस मयेचं, नार्व्याचं, पिळगावचं. त्याला खिरीत नि शिऱ्यात घालायचा असतो, तेव्हा तुकडा चालतो, आणि तो किलोनं न्यायला परवडतो.

दुकानात माल तीन प्रकारचा धरू: २४० नंबरचा गर, ३२० नंबरचा गर आणि तुकडा. हे नंबर काजूच्या व्यापारात जगभर चालतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात ते नंबर सांगतो. म्हणून नंबर लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. फेणी मी मुद्दाम बाहेर ठेवतो. तिला वेगळा परवाना लागतो, मद्य असल्यामुळे ती जीएसटीच्या बाहेर आहे, आणि तिचा हिशेब लिहायला घेतला तर काजूचा राहून जाईल.

एका दिवसाची विक्री किलोत अशी झाली:

पेडणे: २४० नंबर ६, ३२० नंबर १०, तुकडा २
डिचोली: २४० नंबर १, ३२० नंबर ८, तुकडा १२

तूर्त दोन्हीकडे दर एकच आहे: २४० नंबर १,२०० रुपये किलो, ३२० नंबर १,००० रुपये, तुकडा ७०० रुपये. हे सगळे आकडे हिशेबाला सोयीचे म्हणून घेतले आहेत, बाजारभाव म्हणून कुणी ते धरू नयेत.

दोन ओळी आणि तीन स्तंभ असलेला वरचा तक्ता म्हणजे विक्रीचं मॅट्रिक्स. दर एकाखाली एक लिहिले की तीन ओळी आणि एक स्तंभ असलेलं दुसरं मॅट्रिक्स झालं. त्यांचा गुणाकार करायचा म्हणजे पेडण्याची ओळ उचलायची, दराच्या स्तंभाशी जोडीजोडीनं गुणायची आणि आलेलं सगळं मिळवायचं. ६ गुणिले १,२००, अधिक १० गुणिले १,०००, अधिक २ गुणिले ७००. म्हणजे ७,२०० अधिक १०,००० अधिक १,४००. पेडण्याचे झाले १८,६००. डिचोलीचे तसेच १,२०० अधिक ८,००० अधिक ८,४००, म्हणजे १७,६००. उत्तर दोन ओळींचं, एका स्तंभाचं.

आता कुणीही पसरकार विचारील की यात नवं काय? हे तर त्याचे आजोबाही करत होते, तेसुद्धा तोंडी. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असलेल्या माणसाला सव्वा किलोचा भाव काढायला कागद लागत नसे. आज तर बिलाचं यंत्रच दिवसअखेरीची बेरीज चिठ्ठीवर छापून देतं. शंका रास्त आहे, आणि गणिताची पुस्तकं तिला नीट उत्तर देत नाहीत. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात मॅट्रिक्सच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. शाळेच्या पुस्तकाच्या दुकानात रसायनशास्त्राची १० डझन, भौतिकशास्त्राची ८ डझन आणि अर्थशास्त्राची १० डझन पुस्तकं आहेत. विक्रीचे दर अनुक्रमे ८०, ६० आणि ४० रुपये. सगळी विकली तर किती रुपये येतील ते मॅट्रिक्स वापरून काढा. उत्तर २०,१६०. डझनाला बारानं गुणायचं विसरलं नाही तर सातवीतलं मूल ते मॅट्रिक्सशिवाय काढील. एकच दुकान, दराचा एकच स्तंभ: इथं मॅट्रिक्सला करण्यासारखं कामच नाही. मुलगा गुण मिळवतो आणि मनाशी धरून चालतो की साध्या गुणाकाराला कंस घालून अवघड करण्याचं हे शास्त्र आहे. त्यात त्याचा दोष नाही.

गल्ल्यात किती जमा झाले ते काढायला मॅट्रिक्स लागत नाही. ते लागतं जे गल्ल्यात कधीच पडलं नाही, पण मालकाला ठाऊक असायला हवं, असे आकडे काढायला. तिथवर जायचं तर आधी गुणाकाराची रीत थोडी उलगडून पाहावी लागेल.

पहिलं मॅट्रिक्स दोन बाय तीन, दुसरं तीन बाय एक, उत्तर दोन बाय एक. आतले दोन्ही ‘तीन’ जुळले म्हणून गुणाकार झाला, आणि जुळून झाल्यावर ते उत्तरातून नाहीसे झाले. वर्गात हा नियम पाठ करून घेतात. पण हे तीन म्हणजे मालाचे तीन प्रकार. पहिल्या तक्त्यात दुकान आणि माल आहेत, दुसऱ्यात माल आणि पैसा. गुणाकारानंतर दुकान आणि पैसा उरले, मधला माल गेला. किलो गुणिले रुपये-दर-किलो केलं की किलो कटतो आणि रुपये उरतात, तोच प्रकार तक्त्याच्या आकारावरही चालतो. म्हणजे गुणाकार करताना आपण ठरवत असतो की अमुक गोष्टीबद्दल यापुढे विचारायचं नाही. १८,६०० या आकड्याकडे पाहून कुणाला सांगता येणार नाही की २४० नंबर किती गेला. ते सोडून देऊनच हा आकडा मिळाला आहे.

सोडून दिलेल्या गोष्टीवर गणिताचा पहाराही नसतो. समजा दर लिहिणाऱ्या पोऱ्यानं ३२० नंबर आधी लिहिला आणि २४० नंतर. विक्रीच्या तक्त्यात क्रम जुनाच. पेडण्याचे होतील ६,००० अधिक १२,००० अधिक १,४००, म्हणजे १९,४००. खऱ्यापेक्षा ८०० जास्त, आणि गुणाकार निमूटपणे होतो. संगणकावरच्या एक्सेलमधलं समप्रॉडक्ट किंवा एममल्ट हेही तेच करतं. खणांची संख्या जुळते का एवढंच ते पाहतं, खणांवर काय लिहिलंय ते वाचत नाही. एकीकडे पाव किलोची पाकिटं मोजली आणि दुसरीकडे दर किलोचा लावला तरी तक्रार नाही. उत्तर चौपट येऊन बसेल. हिशेबनिसाची जागा म्हणूनच संपलेली नाही.

दराच्या स्तंभाशेजारी आणखी स्तंभ लावायला काहीच हरकत नाही. खरेदीचा खर्च किलोला १,०००, ८५० आणि ५८० रुपये पडला असेल तर तो दुसरा स्तंभ. तिसऱ्या स्तंभात नुसतं एक, एक, एक लिहा. आता एकाच गुणाकारात प्रत्येक दुकानाचे तीन आकडे येतात. पेडणे: विक्री १८,६००, खर्च १५,६६०, वजन १८ किलो. डिचोली: विक्री १७,६००, खर्च १४,७६०, वजन २१ किलो. डिचोलीनं तीन किलो जास्त तोललं, तरी हातात २,८४० रुपये सुटले. पेडण्यानं कमी तोलून २,९४० सोडवले. एक-एक-एकचा तो स्तंभ दिसायला पोरकट आहे, पण तराजू आणि पैसा शेजारी-शेजारी उभे राहतात ते त्याच्यामुळे.

आता खरी गंमत. प्रत्यक्षात दोन्हीकडे दर एक असत नाही. मोपाच्या रस्त्यावर भाडं जास्त, पाकीट देखणं, गिऱ्हाईक घासाघीस न करणारं. समजा पेडण्यात दर १,३००, १,०५० आणि ७५० आहेत, डिचोलीत मघाचेच १,२००, १,००० आणि ७००. दराचे दोन स्तंभ झाले. दोन बाय तीनला तीन बाय दोननं गुणलं की उत्तर दोन बाय दोन, म्हणजे चार आकडे:

पेडण्याची विक्री: पेडण्याच्या दरानं १९,८००, डिचोलीच्या दरानं १८,६००
डिचोलीची विक्री: पेडण्याच्या दरानं १८,७००, डिचोलीच्या दरानं १७,६००

दुकानं दोन, गल्ले दोन, पण आकडे चार. पहिला आणि शेवटचा, म्हणजे कर्णावरचे १९,८०० आणि १७,६००, हे खरे जमा झालेले पैसे. उरलेले दोन कुठल्याच गल्ल्यात नाहीत. चारही आकड्यांची बेरीज करून मालकापुढे ठेवणारा नवशिका हिशेबनीस भेटतो, आणि मॅट्रिक्स शिकवताना शिक्षकही बहुतेकदा सांगतात की कर्णाबाहेरचे आकडे इथं निरर्थक, सोडून द्या. माझ्या मते इथंच हातचं सोनं टाकलं जातं. १८,६०० म्हणजे पेडण्यात जो माल खपला तोच डिचोलीच्या भावानं खपला असता तर आलेले पैसे. १८,७०० म्हणजे डिचोलीचा माल पेडण्याच्या भावानं गेला असता तर.

मालकाचा प्रश्न साधा असतो: पेडण्याचं दुकान डिचोलीपेक्षा दिवसाला २,२०० रुपये जास्त आणतं, ते कशामुळे? चढ्या भावामुळे की भारी मालामुळे? दोन्ही गल्ले समोर ओतून रात्रभर मोजले तरी उत्तर मिळणार नाही, कारण ते गल्ल्यात नाही. चार आकड्यांच्या तक्त्यात मात्र ते आहे. १९,८०० वरून १८,६०० वर आलो तेव्हा माल तोच ठेवला, भाव बदलला. फरक १,२००, तो भावाचा. १८,६०० वरून १७,६०० वर आलो तेव्हा भाव तोच, माल बदलला. फरक १,०००, तो मालाचा. मिळून २,२००.

आणि आता त्याच दोन टोकांमध्ये दुसऱ्या वाटेनं चाला. १९,८०० वरून १८,७०० वर: भाव पेडण्याचाच, माल डिचोलीचा, फरक १,१००, मालाचा. तिथून १७,६०० वर: माल डिचोलीचाच, भाव बदलला, फरक १,१००, भावाचा. बेरीज पुन्हा २,२००, पण वाटणी वेगळी. एका वाटेनं भावाचं श्रेय १,२००, दुसऱ्या वाटेनं १,१००. यातली खरी कुठली? दोन्ही. भाव आणि माल एकमेकांत गुणलेले असतात, त्यांना सोडवताना मधला थोडा भाग कुणाच्या तरी पदरात टाकावाच लागतो, आणि तो कुणाच्या पदरात पडतो ते आपण कुठल्या वाटेनं चाललो यावर ठरतं.

हा काजूवाल्याचा घोळ अर्थशास्त्राला चांगला परिचित आहे. एतिएन लास्पेयर्स या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं १८७१ मध्ये महागाई मोजायची एक रीत सांगितली: जुन्या काळात लोक जो माल घेत तीच टोपली कायम धरायची आणि ती नव्या भावानं किती पडते ते पाहायचं. १८७४ मध्ये हेरमान पाशे यानं उलट केलं: टोपली नव्या काळातली धरायची आणि ती जुन्या भावानं किती पडली असती ते काढायचं. आपल्या तक्त्यात काळाच्या जागी गावं आहेत, एवढाच फरक. पेडण्याच्या टोपलीवरून पाहिलं तर पेडणे डिचोलीपेक्षा १९,८०० भागिले १८,६००, म्हणजे सुमारे ६.४५ टक्के महाग. डिचोलीच्या टोपलीवरून पाहिलं तर १८,७०० भागिले १७,६००, म्हणजे ६.२५ टक्के. दोन्ही भागाकारांत एकेक आकडा असा आहे की जो कुणी कुणाला दिला नाही, कुणी कुणाकडून घेतला नाही.

भारतातला ग्राहक किंमत निर्देशांक लास्पेयर्सच्याच वळणानं चालतो. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत टोपली ठरली ती २०११-१२ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीवरून, आणि पुढं वर्षानुवर्षं त्याच टोपलीला नवे नवे भाव लावले गेले. औद्योगिक कामगारांसाठीच्या निर्देशांकाची रीतही हीच, आणि केंद्र सरकारी नोकरांचा महागाई भत्ता त्यावरून निघतो. डिचोलीच्या टपाल कचेरीतल्या कर्मचाऱ्याच्या पगारात भत्त्याची जी रक्कम जमा होते, तिच्या मुळाशी असा कर्णाबाहेरचा आकडा आहे. निरर्थक म्हणून फळ्यावरून पुसायची चीज ती नव्हे.

डिचोली तालुक्यात या प्रश्नाला आणखी धार आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं गोव्यातल्या खाणी थांबल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे रद्द होऊन १६ मार्चपासून काम पुन्हा बंद झालं. खाणीवर अवलंबून असलेल्या गावांतला पैसा आटला की त्याची झळ बाजाराला लागते. अशा वर्षी दुकानाची विक्री घसरली तर मालकाला हेच विचारावं लागतं: लोक कमी घेतायत, की स्वस्तातलं घेतायत, की मीच भाव उतरवलाय? आधीच्या वर्षीचा माल आणि भाव, यंदाचा माल आणि भाव असा दोन बाय दोनचा तक्ता मांडला तर घसरणीतला भावाचा वाटा एकीकडे होतो. उरलेल्या मालाच्या वाट्यात वजन किती घटलं आणि प्रत किती उतरली हे एक-एक-एकचा स्तंभ सांगतो.

पण या आकड्यांवर फार विसंबू नये. डिचोलीचा माल पेडण्याच्या भावानं गेला असता तर १८,७०० आले असते, या वाक्यातलं "गेला असता तर" फार मोठं आहे. भाव चढवल्यावर बुधवारच्या बाजारातली बाई तुकडा तितकाच घेईल असं गृहीत धरलं आहे, आणि ती तसं करणार नाही. दोन किलोचा एक किलो करील, किंवा यंदा शेंगदाण्यावर भागवील. मॅट्रिक्स माणसाच्या मनाबद्दल काही बोलत नाही. ते माल जागच्या जागी ठेवून फक्त भाव हलवतं. म्हणून हे चार आकडे कारण शोधायला वापरावेत. उद्याचा दर ठरवायला नव्हे.

आता क्रमाचं बघू. एकाच आकड्यानं सगळ्याला गुणायचं असेल तर क्रमाची फिकीर नसते. १९५८ साली पोर्तुगिजांनी गोव्यातली रुपिया बंद करून एस्कुदो आणला, तेव्हा एका रुपियाचे सहा एस्कुदो ठरले. दराचा प्रत्येक आकडा सहापट करून मग विक्री काढा, की विक्री काढून मग ती सहापट करा, उत्तर एकच. दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचं तसं नाही, आणि आर्थर केली यानं १८५८ मध्ये मॅट्रिक्सवरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला तेव्हा हे त्यानं ठसठशीतपणे मांडलं. हा केली चौदा वर्षं लंडनमध्ये वकिली करत होता, मालमत्तेचे दस्तऐवज लिहीत होता. आणि मॅट्रिक्सला नाव देणारा त्याचा मित्र सिल्वेस्टर काही वर्षं विमा कंपनीत हिशेब सांभाळत होता. दोघांना पैशाचे कागद परके नव्हते.

उलटा क्रम लावून पाहू: आधी दर, मग विक्री. दराचं मॅट्रिक्स तीन बाय दोन, विक्रीचं दोन बाय तीन; आतले दोन जुळतात. हे दोन म्हणजे दुकानं, आणि आता तीच मधे असल्यामुळे नाहीशी होतात. उत्तर तीन बाय तीन, आडवा माल आणि उभा माल. त्याच्या कर्णावर काय येतं? २४० नंबरच्या खणात १,३०० गुणिले ६ अधिक १,२०० गुणिले १, म्हणजे ९,०००. ३२० नंबरच्या खणात १०,५०० अधिक ८,०००, म्हणजे १८,५००. तुकड्याच्या खणात १,५०० अधिक ८,४००, म्हणजे ९,९००. दोन्ही दुकानं मिळून प्रत्येक मालाचे किती पैसे आले ते हे. मघाच्या कर्णाची बेरीज १९,८०० अधिक १७,६००, म्हणजे ३७,४००. या कर्णाची बेरीज ९,००० अधिक १८,५०० अधिक ९,९००, तीही ३७,४००. क्रम उलटल्यावर तक्त्याचा आकार बदलला, प्रत्येक आकडा बदलला, पण कर्णाची बेरीज बदलली नाही. हा गणितातला सिद्ध झालेला नियम आहे, आणि दुकानात त्याचा अर्थ असा की दुकानवार बेरीज आणि मालवार बेरीज जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर कुठं तरी लिहिताना चूक आहे. वहीच्या तळाशी आडवी आणि उभी बेरीज ताडून पाहणारा कारकून हेच करत असतो.

या दुसऱ्या तक्त्यातही कर्णाबाहेर आकडे आहेत, आणि त्यांतला एक जरा चावट आहे. २४० नंबरचा दर आणि ३२० नंबरचा माल जिथं भेटतात त्या खणात १३,००० अधिक ९,६००, म्हणजे २२,६०० येतात. ३२० नंबरचा गर २४० नंबर म्हणून विकला असता तर! खरे आले १८,५००. दिवसाला ४,१०० रुपयांचा मोह. एका गरामागे वजनात फरक जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. पाहुण्याच्या डोळ्याला तो कळायचा नाही. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते परप्रांतातला नि परदेशातला गर गोव्याचा म्हणून खपू नये यासाठी, पण नंबरातली लबाडी हा निराळा रोग आहे. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यानं लबाडीला जागा कुठं मोठी आहे ते आधी पाहायचं ठरवलं, तर हाच खण त्याला वाट दाखवील.

शेवटचा पदर खरेदीचा. काजूगर दुकानात येण्याआधी तो बी असतो. मार्च ते मे या दिवसांत बोंडू गळतात, रस हुर्राक नि फेणीकडे जातो आणि बी सुकवून विकली जाते. बी भाजून किंवा उकडून फोडली की तिच्या वजनाच्या पावाच्या आतबाहेर गर हाती लागतो, आणि त्यात कुठला नंबर किती निघेल ते बीवर अवलंबून असतं. समजा एका राशीच्या १०० किलो बीतून २४० नंबर ४ किलो, ३२० नंबर १२ किलो आणि तुकडा ६ किलो निघतो. दुसऱ्या राशीतून २, १० आणि ९. पहिल्या राशीचे ५ क्विंटल घेतले, दुसरीचे ३. आता मॅट्रिक्स तीन आहेत: किती बी, बीतून किती गर, आणि गराचा दर. डिचोलीचे दर धरू.

तिघांचा गुणाकार करताना जागा बदलायच्या नाहीत, पण आधी कुठले दोन गुणायचे याची मोकळीक आहे. आधी बी आणि उतारा गुणला तर २४० नंबर २६ किलो, ३२० नंबर ९० किलो, तुकडा ५७ किलो. मग दर लावला: ३१,२०० अधिक ९०,००० अधिक ३९,९००, म्हणजे १,६१,१००. उलट, आधी उतारा आणि दर गुणला तर पहिल्या राशीचा क्विंटल २१,००० रुपयांचा, दुसरीचा १८,७०० चा. मग बी लावली: १,०५,००० अधिक ५६,१००, पुन्हा १,६१,१००. कंस कुठंही घाला, शेवट एकच. पण वाटेत जे हाती लागलं ते अगदी वेगळं आहे. पहिल्या वाटेवर कोठीवाल्याला कळतं की कुठल्या नंबरचे किती डबे आणून ठेवायचे. दुसऱ्या वाटेवर खरेदीला गेलेल्या माणसाला कळतं की या बीच्या किलोला २१० रुपयांहून वर आणि त्या बीच्या किलोला १८७ रुपयांहून वर एक पैसाही द्यायचा नाही. फोडणावळ, वाहतूक आणि आपला नफा त्यातूनच वजा जायचा आहे. दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात, आणि दोन्ही एकाच गुणाकारात दोन जागी थांबल्यावर मिळतात. शाळेत हा नियम एका ओळीत सांगून पुढं जातात.

पेडण्याला विर्नोड्यात संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी कला आणि वाणिज्य महाविद्यालय आहे, डिचोलीत नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय आहे. दोन्ही तालुक्यांत उच्च माध्यमिक शाळा आहेत, आणि बारावीला गणित घेतलेल्या मुलांच्या वाट्याला मॅट्रिक्स येतंच. डिचोलीचा बाजार बुधवारी, पेडण्याचा गुरुवारी. शिक्षकांना विनंती आहे की मुलांना एकदा या दोन दिवशी वही देऊन पाठवावं. काजूच हवा असं नाही. नारळ, सुकं खारं, सोलं, काहीही चालेल. तीन जिन्नस, दोन बाजार, प्रत्येकाचा भाव आणि एखाद्या ओळखीच्या दुकानदारानं खुशीनं सांगितलेला खप. दोन बाय दोनचा तक्ता मांडून घ्यावा आणि मुलांना कर्णावरचे आकडे न विचारता उरलेल्या दोन आकड्यांचा अर्थ विचारावा.